घटस्फोटाच्या मध्यस्थीला बसण्यापूर्वी: बौद्ध जोडप्यांनी आणि कार्यकर्त्यांनी काय माहीत करून घ्यावे?

वस्तीत एखाद्या जोडप्याचे बिनसले की निरोप आधी वकिलाकडे जात नाही. तो विहाराच्या कमिटीकडे जातो, नाहीतर चळवळीतल्या एखाद्या दादाकडे किंवा ताईकडे येतो. मग एखाद्या रविवारी वंदना आटोपल्यावर दोन्हीकडची माणसे विहारात बसतात. आवाज चढतात, जुन्या गोष्टी निघतात आणि शेवटी कुणीतरी म्हणते, ‘जमत नसेल तर लिहून घ्या आणि मोकळे व्हा.’ स्टॅम्प पेपर आणला जातो, दोघे सही करतात, पाच जण साक्षीदार होतात. सगळ्यांना वाटते घटस्फोट झाला.

तो झालेला नसतो. दोन-तीन वर्षांनी त्यातला एक जण दुसरे लग्न करतो आणि मग पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. पहिले लग्न कायद्याने टिकून असल्यामुळे दुसरे लग्न शून्य ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार हा सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेला गुन्हा आहे. सर्वांत जास्त फसते ती दुसरी पत्नी, जिने त्या कागदावर विश्वास ठेवलेला असतो.

म्हणून मध्यस्थी म्हणजे नेमके काय, तिला कधी बसावे, कधी बसू नये आणि बसताना सोबत काय न्यावे, हे आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो?

बौद्धांसाठी देशात स्वतंत्र विवाह कायदा नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो कायदा लागू असल्याचे म्हटले आहे. ही बाब आपल्यापैकी अनेकांना खटकते आणि वेगळ्या कायद्याची मागणीही जुनी आहे. पण तो होईपर्यंत बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहाचा घटस्फोट याच कायद्याने होतो. नोंदणी विवाह केला असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ लागू होतो.

एक गोष्ट विसरता येत नाही. घटस्फोटाचा हक्क या देशातल्या बायकांना सहज मिळालेला नाही. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात तो होता. त्या बिलाची अडवणूक हे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देण्यामागचे एक प्रमुख कारण होते. त्यामुळे आपल्या समाजात घटस्फोट मागणाऱ्या स्त्रीला ‘घर मोडणारी’ म्हणणे हा त्या लढ्याचाच अपमान आहे.

आता स्टॅम्प पेपरचा मुद्दा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे. काही वकील आणि पंच त्याचाच आधार सांगतात. पण अशी रूढी जुनी, अखंड आणि निश्चित आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते अवघड असते. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या जातीच्या रूढी आपण टाकून दिल्या, त्याच रूढीची काडीमोड घटस्फोटाच्या वेळी शोधत जायचे, हे विचारालाही धरून नाही आणि कायद्यालाही धोक्याचे आहे. नोटरीचा शिक्का मारल्याने कागदाला घटस्फोटाचा दर्जा येत नाही. विवाह संपतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने.

मध्यस्थी, समुपदेशन आणि लवाद

हे तीन शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांतला फरक असा:

समुपदेशन: कुटुंब न्यायालयात दावा गेल्यावर सहसा आधी विवाह समुपदेशक दोघांना भेटतात. नाते टिकू शकते का, हे तिथे पाहिले जाते. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे.

मध्यस्थी: तिसरी तटस्थ, प्रशिक्षित व्यक्ती दोघांना बोलते करते. निर्णय मात्र दोघांनीच घ्यायचा असतो. मध्यस्थ निकाल देत नाही, कोण चूक कोण बरोबर हे सांगत नाही. पुन्हा एकत्र राहणे हा मध्यस्थीचा एक शेवट असू शकतो आणि सन्मानाने वेगळे होणे हाही.

लवाद: इथे तिसरी व्यक्ती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते आणि तो पाळावा लागतो. घटस्फोट द्यायचा की नाही हे लवाद ठरवू शकत नाही. तो अधिकार न्यायालयाचा.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात वाद होतो, तो प्रसंग आपण वाचलेला असतो. युद्धाला विरोध करताना सिद्धार्थ सुचवतो की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्यांनी वाद मिटवावा. यातले तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंना निवडीचा सारखा हक्क असला पाहिजे. विहारात बसणाऱ्या आपल्या बैठकीत पाचही माणसे मुलाच्या भावकीतली असतील तर ती मध्यस्थी नव्हे, दबाव आहे.

मध्यस्थी कुठे होते, खर्च किती?

दोन वाटा आहेत. दावा दाखल झाल्यानंतर न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवते. के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वादात मध्यस्थीचा मार्ग आवर्जून वापरण्यास सांगितले आहे. दुसरी वाट म्हणजे दाव्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करणे. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते.

न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थीसाठी पक्षकारांना मध्यस्थाची फी द्यावी लागत नाही. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींचा दर्जा कायम राहिला आहे. म्हणजे आपल्या समाजातली कुठलीही स्त्री आणि जातीचा दाखला असलेला पुरुष, दोघेही या मदतीला पात्र आहेत. ‘वकिलाला पैसे नाहीत म्हणून स्टॅम्प पेपरवर भागवले’ हे कारण त्यामुळे उरत नाही. विधी सेवेचा मदत क्रमांक १५१०० आहे.

मध्यस्थीला कधी बसू नये?

हा भाग कार्यकर्त्यांनी दोनदा वाचावा.

दोघांना मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येत असेल तरच मध्यस्थीला अर्थ आहे. घरात मारहाण होत असेल, जिवाची धमकी असेल, मुले लपवून ठेवली असतील किंवा एक जण दुसऱ्याकडे पाहूनच उत्तर देत असेल, तर आधी संरक्षण, मग बोलणी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ खाली स्त्रीला संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्चासाठी पैसे मागता येतात. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तातडीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. अनेक पोलीस आयुक्तालयांत आणि जिल्ह्यांत भरोसा सेल किंवा महिला व बालकांसाठीचा विशेष सहाय्य कक्ष असतो.

न्यायालयाने मध्यस्थीला पाठवले तरी भीती वाटते, हे मध्यस्थाला सांगता येते. समोरासमोर न बसता दोघांना वेगवेगळे भेटण्याची मागणी करता येते. जमत नाही असे वाटले तर कुठल्याही टप्प्यावर मध्यस्थी थांबवता येते. त्यामुळे तुमचा दावा कमकुवत होत नाही.

बसण्यापूर्वीची तयारी

पहिल्या बैठकीआधी ही कागदपत्रे एका फाइलीत लावून ठेवा आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा:

१. विवाहाचा पुरावा. नोंदणी प्रमाणपत्र असेल तर उत्तम. बौद्धाचार्यांनी किंवा विहाराने दिलेले प्रमाणपत्र हा लग्न झाल्याचा पुरावा आहे, पण ती सरकारी नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल तर लग्नपत्रिका, फोटो आणि त्या दिवशी हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा.

२. वेगळे कधीपासून राहता, त्याची तारीख आणि आधार: भाडेकरार, नोकरीच्या बदलीचे पत्र, माहेरच्या पत्त्यावरची टपालाची पाकिटे.

३. दोघांचे उत्पन्न आणि कर्ज. पगारपत्रके, बँकेची सहा महिन्यांची नोंद, आयकर विवरण, पतसंस्थेचे आणि बचत गटाचे कर्ज. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यायचे असते. मध्यस्थीतही तोच नमुना वापरला तर लपवाछपवी कमी होते.

४. स्त्रीधनाची यादी. आईवडिलांनी, नातेवाइकांनी आणि सासरच्यांनी तिला दिलेले दागिने, भांडी, कपाट, रोख रक्कम. लग्न कितीही साधेपणाने झाले असले तरी काहीतरी दिले-घेतले गेलेले असते. ते तिच्या एकटीच्या मालकीचे आहे आणि परत करणे हा उपकार नाही.

५. घराचे कागद. घर कोणाच्या नावावर, हप्ते कोण भरते, झोपडपट्टी पुनर्वसनातली किंवा म्हाडाची सदनिका असेल तर हस्तांतरणाच्या अटी काय आहेत.

६. मुलांचे कागद: जन्मदाखला, शाळेची फी, औषधपाणी आणि जातीच्या दाखल्यासाठी लागणारे वडिलांकडचे पुरावे. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मुलगी बारावीला गेल्यावर जात पडताळणीसाठी धावपळ होते. वडिलांकडची जुनी कागदपत्रे देण्याची अट समझोत्यातच लिहून घ्या.

कागदांइतकीच मनाची तयारीही लागते. एका कागदावर तीन रकाने करा: मला हवेच असलेले, मिळाले तर बरे असलेले, आणि मी सोडू शकतो किंवा सोडू शकते असे. हा कागद कुणाला दाखवू नका.

बैठकीत काय घडते?

मध्यस्थ आधी नियम सांगतात. मग दोघांना न अडवता बोलू देतात. गरजेप्रमाणे प्रत्येकाशी वेगळी बैठक होते. तिथे सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगितली जात नाही.

मध्यस्थी गोपनीय असते. मोती राम विरुद्ध अशोक कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मध्यस्थाने न्यायालयाला फक्त समझोता पाठवायचा, किंवा मध्यस्थी यशस्वी झाली नाही एवढेच कळवायचे. आत कोण काय बोलले हे लिहायचे नाही. म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका आणि बैठकीतली बोलणी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

कोणत्या मुद्द्यांवर बोलणी होतात?

पोटगी: दरमहा की एकरकमी? एकरकमी रक्कम घेतली तर पुढच्या गरजांचा हिशोब आजच करावा लागतो. दरमहा घेतली तर दरवर्षी वाढ किती आणि कोणत्या तारखेला जमा होणार, हे लिहावे. रक्कम नेहमी बँकेतून द्यावी-घ्यावी.

मुले: पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणतः आईकडे असतो, असे हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ सांगतो. पण सर्वांत वरचा निकष मुलाचे हित हाच आहे. ताब्याबरोबर भेटीचे दिवस, सुट्ट्या, शाळेचे निर्णय आणि फोनची वेळ ठरवा. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन मुले कुणाकडे साजरा करतील, हेही लिहा. नंतरची बरीच भांडणे अशाच दिवसांवरून होतात. मुलांचा पोटगीचा हक्क आईने किंवा वडिलांनी परस्पर सोडून देता येत नाही.

घर आणि कर्ज: दोघांच्या नावावरचे गृहकर्ज ‘यापुढे तो भरेल’ असे तुम्ही आपसात ठरवले तरी बँकेवर ते बंधनकारक नसते. बँकेकडून नाव कमी होईपर्यंत जबाबदारी दोघांचीच.

फौजदारी तक्रार: पूर्वीचे ४९८-अ, आताचे भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, याखालचा गुन्हा ठाण्यात जाऊन ‘मागे घेतला’ म्हटल्याने संपत नाही. समझोता झाल्यास तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून कोण, कधी आणि कुठे अर्ज करेल आणि त्याआधी किती रक्कम जमा झालेली असेल, याचा क्रम समझोत्यात लिहिला पाहिजे.

समझोत्यानंतर

मध्यस्थीतला समझोता म्हणजे घटस्फोट नव्हे. वेगळे व्हायचे ठरले तर परस्पर संमतीची याचिका करावी लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. लग्नाला एक वर्ष होण्याआधी घटस्फोटाची याचिका सहसा घेतली जात नाही. याचिकेनंतर सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. आधीच दीर्घकाळ वेगळे राहणे झाले असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुले वगैरे सगळे खरोखर मिटलेले असेल, तर ही सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकते, असे अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात म्हटले आहे.

हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. दोन्ही बाजूंनी हे ध्यानात ठेवावे. पूर्ण रक्कम आधीच देऊ नये आणि पूर्ण रक्कम शेवटच्या भरवशावरही सोडू नये. टप्पे ठरवावेत.

न वाचता सही करू नका. समझोता मराठीत मागा, किंवा इंग्रजीत असेल तर ओळ न् ओळ समजावून घ्या. ‘यापुढे कसलाही हक्क नाही’ असे एकच ढोबळ वाक्य असेल तर थांबा आणि वकिलाला विचारा. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाती आल्यावर भविष्य निर्वाह निधी, विमा, बँक आणि नोकरीच्या सेवापुस्तकातले वारसदाराचे नाव तपासा. दुसऱ्या लग्नाचा विचार त्यानंतर.

कार्यकर्त्यांसाठी

तुमच्याकडे जोडपे आले तर ऐकून घ्या, पण निकाल देऊ नका. दोघांशी वेगवेगळे बोला. स्त्रीशी बोलताना एखादी महिला कार्यकर्ती सोबत असू द्या. स्टॅम्प पेपरवर साक्षीदार म्हणून सही करू नका. त्याऐवजी विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज भरून द्या आणि पहिल्या तारखेला सोबत जा. एवढे केले तरी मोठे काम होते. घटस्फोट घेतला म्हणून एखाद्या कुटुंबाला कार्यक्रमातून वगळणे, वर्गणी नाकारणे, हे प्रकार कुठे होत असतील तर थांबवा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे.

सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ असावे, असे सांगितले आहे आणि पत्नीचीही कर्तव्ये सांगितली आहेत. म्हणजे धम्मात लग्न हे दोन्हीकडून पाळायचे नाते आहे, जन्मोजन्मीची गाठ नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही पत्नीने पतीची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे, असेच सांगितले. बरोबरीचे नाते टिकत नसेल तर वेगळे होतानाही बरोबरी टिकली पाहिजे.

सम्यक वाचेत चार गोष्टी टाळायच्या असतात: खोटे, चहाडी, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड. मध्यस्थीच्या खोलीत जाण्याआधी दोघांनी एवढे जरी मनाशी ठरवले, तरी निम्मे काम होते. उरलेले निम्मे फाइलीतल्या कागदांचे असते. ती फाइल आजच लावायला घ्या.